आईच्या नावाचा रकाना

प्रल्हाद काका,

तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मला बोलायला उभं केलं नाही, ते बरंच झालं. बोलले असते तर भांडले असते. एकेक जण उठला, तुम्हाला 'प्रामाणिक कर्मचारी' म्हणाला आणि खाली बसला. वेळेवर यायचे, वेळेवर जायचे, कोणाची फाईल अडवली नाही. भिंतीवरच्या घड्याळाबद्दलही माणसं एवढंच बोलतात. आकाशातल्या डागांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं. हैदराबादहून आलेल्या तुमच्या लेकीला, सुषमाताईला, थोडंसं ठाऊक होतं. ती म्हणाली, "बाबा कंप्युटरवर कायतरी गेम खेळत होते." मी खालमानेनं जेवत होते. गेम, काका.

मला पत्रकं लिहिता येतात, दुसरं काही येत नाही. आमच्या संघटनेत शिकवतात ते असं: पहिल्या ओळीत अन्याय, दुसऱ्या ओळीत तो कोणी केला, तिसऱ्या ओळीत मागणी. तुमच्याबद्दल तसं लिहायला बसले तर पहिली ओळ सहज जमते. तुम्हाला जाताना मनात एक दुखणं घेऊन जावं लागलं, हा अन्याय. दुसऱ्या ओळीत नाव माझं येतं.

तुमचं आयुष्य याद्यांत गेलं. रेशनची यादी, मतदारांची यादी, पेन्शनची यादी. कचेरीतल्या जुन्या लोकांसारखं तुम्ही तिला फेरिस्त म्हणायचे. एकच माणूस दोन गावांच्या फेरिस्तीत बसलेला असला की तुम्हाला तो दुरूनच दिसायचा. लाल पेनानं एक नाव कापायचं, दुसऱ्यापुढं बारीक अक्षरात टीप लिहायची. तामसीच्या बसमध्ये चढताना लोक तुम्हाला जागा द्यायचे, आणि तुम्ही उतरल्यावर म्हणायचे, "हा तो नाव कापणारा." तुम्हाला ते माहीत होतं. मला तुम्हीच सांगितलं होतं, हसून.

म्हणूनच तुम्ही रिटायर झाल्यावर मी तुम्हाला ती वेबसाइट उघडून दिली. चेष्टा म्हणूनच. कॉलेजात कोणीतरी दाखवली होती. मोठमोठ्या रेडिओ दुर्बिणी आख्खं आकाश झाडून काढतात, त्यात डागच डाग सापडतात, आणि कुठला डाग कोणाचा हे यंत्राला नेहमी उमगत नाही. मग ती चित्रं जगभरातल्या साध्या माणसांपुढं ठेवतात आणि विचारतात, तुम्हाला काय वाटतं? मी म्हणाले, "घ्या काका, तुमच्याच खात्याचं काम निघालं. वरती बी डुप्लिकेट हायेत."

तुम्ही चष्मा पुसला आणि खुर्ची पुढं ओढली. त्यानंतर दुपारी तुम्ही मला कधी रिकामे सापडले नाहीत.

दुपारी, हे मुद्दाम लिहिते. आकाशाचं काम म्हटलं की लोकांना गच्ची आणि अंधार आठवतो. तुम्ही नऊच्या आत झोपणारे. तुम्हीच मला सांगितलं होतं की रेडिओ दुर्बिणीला रात्रीची गरज नाही, ऊन असो, ढग असो, तिला ऐकू येतं. भर उन्हात, खिडकीला ओलं पोतं लावून, तुम्ही विश्व बघायचे. मी दारात चप्पल काढेपर्यंत तुमचा आवाज यायचा.

"ये पुढारीनबाई. हे पाय, किती डाग?"

"दोन."

"गॅलक्स्या किती?"

"दोन."

"नापास."

मग तुम्ही एक बटण दाबलं आणि त्या डागांच्या खाली दुसरं चित्र आलं, दुसऱ्या कुठल्या दुर्बिणीनं काढलेलं, त्याच जागेचं. दोन मोठ्या डागांच्या बरोबर मधोमध एक फिकट ठिपका होता. कोणी हात पुसल्यासारखा.

"ही पाय मधी. हे हिचं घर. हिच्या पोटात कृष्णविवर बसेल हाय, ते दोन्हीकडं धार सोडते. धार लई दूर जाते अन् तिथं फुगते. आपल्याले फुगलेलं दिसते, घर दिसत नाई. यंत्र म्हणते दोन. आपुन म्हनाचं एक."

"अन् दोन म्हटलं तर काय होते? आभाळ फाटते?"

"नकाशा बिघडते."

तो नकाशा काय ते मला समजायला चार दुपारी लागल्या. दीर्घिका आकाशात सारख्या शिंपडलेल्या नाहीत. कुठं दाटी आहे, कुठं लांबच लांब रांगा, आणि मधे इतक्या मोठ्या ओसाड पोकळ्या की तिथं जवळजवळ कोणीच राहत नाही. कुठं दाटी आणि कुठं ओस हे मोजलं की विश्व कशाचं बनलंय आणि कसं पसरत गेलं याचा अंदाज लागतो. पण एकीला दोन मोजलं की मुळात नसलेल्या शेजारीशेजारच्या जोड्या कागदावर दिसायला लागतात. दाटी नसताना दाटी. तुमच्या भाषेत, बोगस वस्ती.

मला या सगळ्याचा राग यायचा, काका. आता मान्य करायला काही जात नाही. आपल्या गावातल्या शाळेची मराठी तुकडी बंद करून पोरांना तेलुगू तुकडीत बसवायचं घाटत होतं. पोरं कमी पडतात, हे कारण. पहिलीतल्या लेकराला बाई काय म्हणते ते समजू नये, आणि तुम्ही कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरींचा हिशेब लावत बसावं? मी तुम्हाला तोंडावर म्हणाले होते, "शाळा बंद पडून राह्यली अन् तुमी ढगाच्या पलीकडले डाग मोजून राह्यले. कोनाले उपयोग हाय याचा?"

तुम्ही म्हणाले, "कुठंतरी तं बरोबर मोजनी होऊ दे ना बापा."

हे उत्तर झालं का? मला तेव्हा वाटलं नाही. आजही पूर्ण वाटत नाही. तो वाद आपला अर्धाच राहिला.

बसमधलाही राहिला. आपण दोघं आदिलाबादला निघालो होतो, मी प्रेसमधून पत्रकं आणायला, तुम्ही चष्म्याच्या दुकानात. दोन्ही बाजूंना कापूस, पराटी माणसाएवढी उंच. तुम्ही खिडकीतून बोट दाखवलं.

"तो टावर दिसला?"

"दिसला."

"गाव दिसलं?"

"नाई. पराटीनं झाकलं."

"पण गाव हाय?"

"हाय ना. टावर काय वावरात उभा करते कोनी?"

"तसंच हाय," तुम्ही म्हणाले. रेडिओत गरजणाऱ्या दीर्घिका म्हणजे टॉवर. त्या बहुतेक मोठ्या वस्तीतच सापडतात. एकेक घर दिसत नाही एवढ्या लांबून, पण टॉवर दिसले की गावं कुठं आहेत ते कळतं. पुढच्या सीटवरचा एक म्हातारा वळून आपल्याकडं बघायला लागला होता.

मी म्हणाले, "अन् जिथं टावर नाई तिथं गाव नाई का? आमच्या तांड्याकडं रेंज येत नाई. आमी नाई का मग?"

तुम्ही चष्मा काढून हातात घेतला. मला वाटलं, जिंकले. मग तुम्ही म्हणाले, "तेच तं खरं काम हाय. टावर मोजून गाव सांगताना कितीक गावं सुटते, ते बी मोजा लागते. थे मले येत नाई. थे शिकेल लोक करते."

तो म्हातारा म्हणाला, "मास्तर, कोनत्या पार्टीचे हो तुमी?" आणि तुम्ही इतके हसले की कंडक्टरनं मागं बघितलं. त्यानंतर जिंकण्याहरण्याचं मी विसरून गेले. मला एवढंच आठवतं की परतताना गावात उतरलो तेव्हा तुम्ही माझ्या पत्रकांचा गठ्ठा धरला होता, आणि तो गठ्ठा जड होता.

त्या गठ्ठ्यावर यायलाच हवं.

मोजणी मी केली होती. मुख्य गाव, दोन वस्त्या आणि तांडा, दार ना दार. वही, पेन, घरच्या कर्त्याचं नाव, शाळेच्या वयाची लेकरं किती, त्यांची नावं. शहात्तर निघाली. मराठी तुकडी टिकायला जेवढी लागतात त्यापेक्षा चांगलीच वर. मी नाचायची बाकी होते. पत्रकावर तो आकडा इतका मोठा छापून घेतला की त्याच्याखाली संघटनेचं नाव मावेना. मग गठ्ठा सोडून पहिलं पत्रक तुमच्याकडं आणलं, आणि सोबत वही, मिरवायला.

तुम्ही पत्रक बाजूला ठेवलं. वही उघडली. तुमचं बोट एका ओळीवर थांबलं, पानं उलटली, दुसऱ्या ओळीवर थांबलं. मला त्या बोटाचा आजही राग येतो आणि तेच बोट आता कुठं दिसत नाही म्हणून रडूही येतं.

"ही अक्षरा कोन?"

"वस्तीवरच्या निवृत्तीची नात."

"अन् ही चिमी?"

"गावातली. थोरातांच्या घरची."

"हे दोन नाई हो. एक हाय."

तुम्ही समजावून सांगितलं, ते मला तेव्हाच समजलं होतं. समजलं म्हणूनच तर पेटले. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि पुष्कळ लेकरं पुढं आजी-आजोबांकडंच राहतात, अर्धं वर्ष इकडं, अर्धं तिकडं. बापाच्या घरी शाळेतलं नाव, आईच्या घरी लाडाचं. मी दोन्ही घरी विचारलं. दोन्ही घरांनी अभिमानानं "आमचंच" म्हणून सांगितलं. कोणी खोटं बोललं नाही. मी अक्षराही लिहिली आणि चिमीही लिहिली.

"तू कर्त्याचं नाव लिवलं," तुम्ही म्हणाले. "कर्ते दोन भेटनारच. आईचं नाव लिव. दोन डाग दिसले का मधली पाय."

मला नीट ऐकायला हवं होतं. मी म्हणाले, "पत्रकं छापून झाले काका. हजार."

"खोडून लिवा लागन."

"तुमाले हे बोलाले काय जाते? वरचे लोक आमाले कमीच मोजते. आमी एकदा जास्त मोजलं तं तुमचं काऊन दुखते?"

"दुखत नाई. चुकलं हाय."

आणि मग मी ते बोलले. "तुमी जन्मभर गरिबायचेच नावं कापले. रिटायर झाले तरी हाताची खाज नाई गेली."

तुम्ही लाल पेनाचं टोपण लावलं. माझ्या वहीवर त्या पेनाची एक रेघही ओढलेली नव्हती. तुम्ही हळू म्हणाले, "जाऊ दे. एक चित्र ठेवलं तुह्यासाठी. दोन डाग हायेत, लई लांब लांब, मधी कायच दिसत नाई. मले जुळत नाई. तुहे डोळे तरने हाय, पाय बरं."

मी वही उचलली आणि निघून गेले. ते चित्र बघितलं नाही.

अकरा दिवस मी तुमच्या गल्लीकडं फिरकले नाही. बाराव्या दिवशी गुडीहत्नूरला हायवेच्या फाट्यावर पत्रकं वाटत होते, 'शहात्तर लेकरांचा सवाल' असं ओरडत, तेव्हा फोन आला. तुम्ही जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. माझ्या हातात पत्रकं होती. एक ट्रकवाला हात बाहेर काढून थांबला होता, मी त्याला एक दिलं. का दिलं माहीत नाही.

लोक म्हणतात, चांगलं मरण आलं, त्रास झाला नाही. मला तसं म्हणता येत नाही. अकरा दुपारी तुम्ही दाराकडं बघितलं असेल की नाही, हे मला कोणी सांगू शकत नाही. सुषमाताईला विचारायची हिंमत नाही, आणि तिला तरी काय माहीत. त्या घरात दुपारी तुमच्याशिवाय कोणी नसायचं. माझ्या डोक्यात तुमच्या नकाशातल्या त्या पोकळ्या येतात. तुम्ही म्हणायचे, त्या सुद्धा मोजाव्या लागतात, रिकामं आहे म्हणून सोडून देता येत नाही.

पुण्यानुमोदनानंतर दोन दिवसांनी मी पुन्हा वही घेऊन निघाले. कोणाला सांगितलं नाही. नवीन रकाना आखला, आईचं नाव. थोरातांच्या आजीनं मला ओट्यावरच अडवलं.

"पुन्हा आली वो तू? मोजून झालं नव्हतं का?"

"चुकलं होतं आजी. चिमीच्या मायचं नाव काय?"

"माह्या पोरीचं? वंदना. काऊन?"

"तिले दिलं कुठं?"

"वस्तीवर. निवृत्तीच्या पोराले. तुले म्हाईत नाई का? लग्नात जेवली ना तू."

जेवले होते, काका. दोन वेळा वाढून घेतलं होतं.

एकेक करून जुळत गेलं. वंदना मधे, एकीकडं अक्षरा, एकीकडं चिमी. पुढच्या घरी ज्योती मधे, एकीकडं आर्यन, एकीकडं छोटू. आया घरी नव्हत्याच बहुतेक, कोणी निंदणाला, कोणी आदिलाबादला कामावर. पहिल्या वहीत त्या कुठंच नव्हत्या. मी अख्ख्या गावाची मोजणी केली होती आणि ज्यांच्यामुळं लेकरं होती त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. बाईमाणूस असून. तुम्ही याच्यावर हसले असते, आणि तुम्हाला हसायचा हक्क होता.

सतरा नावं दोनदा होती. एकोणसाठ उरली. लागणाऱ्या आकड्याच्या खाली, थोडीशीच, पण खाली.

संघटनेच्या बैठकीत मी वही ठेवली तेव्हा आमचा पुढारी म्हणाला, "कोणी तपासायला येणार होतं का? तू आपल्याच लढ्याला खड्डा खणला." मी म्हणाले, आकडा खोटा आहे. तो म्हणाला, मागणी खरी आहे ना. मागणी खरी आहेच, एकोणसाठ लेकरांसाठीही ती तेवढीच खरी आहे, हे मला बस सुटल्यावर सुचलं. तुम्ही असते तर लगेच सुचलं असतं, कारण तुमच्याशी भांडायची सवय होती. त्या लोकांचे आता फोन येत नाहीत. तुकडी राखायच्या अर्जाची दरखास्त घेऊन मी एकटीच गेले.

शिक्षण खात्याच्या कचेरीतल्या साहेबांनी जुनं पत्रक आणि नवा कागद शेजारी ठेवला. "अम्मा, पोयिनसारी एक्कुवा उंडे कदा?" मागच्या वेळी जास्त होते ना, असं त्यांचं म्हणणं.

"तप्पु उंडे सार," मी म्हणाले. चूक होती. आयुष्यात पहिल्यांदा कचेरीत उभं राहून हा शब्द स्वतःबद्दल वापरला. त्यांनी मान वर केली. मग आईच्या नावाचा रकाना वरून खालपर्यंत वाचला, बोट ठेवून, तुमच्यासारखंच, आणि म्हणाले की असा रकाना कोणी आणत नाही. शाळेत येऊन बघतो म्हणाले. येतील का, माहीत नाही. तुकडी राहील का, तेही माहीत नाही. तुम्हाला खोटी आशा लिहून पाठवत नाही.

सुषमाताई कंप्युटर घेऊन गेली. मी त्या वेबसाइटवर माझं नाव घातलं, फोनवरच बघते, दुपारी. तुम्ही ठेवलेलं चित्र अजून आलं नाही. येणारही नाही. एक चित्र अनेकांना दाखवतात, आता ते कुठल्या देशात कोणापुढं असेल कोण जाणे. तो माणूस घाईनं दोन म्हणेल का? की थांबून मधे बघेल? मी रोज लांब लांबचे दोन डाग आले की फोन डोळ्यांपाशी नेते, आणि मग मधे ठिपका दिसतो, आणि कळतं, हे तुमचं नाही.

उरलेली पत्रकं घरी होती. ती मी ओट्यावर बसून दुरुस्त केली, एकेक. लाल पेनानं. सुषमाताईकडं तेवढं एक मागून घेतलं होतं, ती म्हणाली, "घे ना, त्यातली शाई पण संपत आली." वहीतली सतरा नावंही त्यानंच कापली. कापून झाल्यावर मी पुन्हा वस्तीवरून तांड्यापर्यंत चालत गेले. सगळी लेकरं जागच्या जागी होती. चिमी शेळीच्या मागं पळत होती. सतरा नावं कापली आणि एकही लेकरू कमी झालं नाही. जन्मभर तुम्ही हे करत होते आणि मी त्याला काय म्हणाले.

पत्रकाची तिसरी ओळ राहिली, मागणीची. मागणी लिहायची तर समोर कोणीतरी लागतं. तुमच्या दाराला कुलूप आहे आणि खिडकीवरचं पोतं वाळून कडक झालंय. तरी लिहिते, सवय आहे म्हणून. शाळेचं मी बघते, ते तुमच्याकडं मागत नाही. एकदा फक्त आतून आवाज द्या. किती डाग, ते विचारा. मी दोन म्हणेन, आणि तुम्ही मला नापास करा.

तुमची
सुजाता